डंकर्कनंतर मागे उरलेले : सेंट व्हॅलरीचा वाद आज कुठे आहे?

४ जून १९४०. डंकर्कच्या धक्क्यावरून शेवटची जहाजे पहाटे सुटली. त्याच दिवशी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत किनाऱ्यांवर लढण्याचे ते प्रसिद्ध भाषण केले. आणि त्याच पहाटे, डंकर्कपासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, सोम नदीकाठच्या ॲबव्हिल गावासमोर स्कॉटलंडच्या ५१व्या हायलंड डिव्हिजनचे जवान जर्मन ठाण्यांवर चालून गेले. ३,३८,२२६ सैनिक वाचले म्हणून इंग्लंडभर सुटकेचा निःश्वास सोडला जात होता, तेव्हा या डिव्हिजनची लढाई नुकती पेटत होती. आठ दिवसांनी, १२ जूनला, सेंट व्हॅलरी-आं-को या छोट्याशा बंदरगावात तिला शस्त्रे खाली ठेवावी लागली. दहा हजारांहून अधिक जण कैद झाले आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुढची पाच वर्षे जर्मन छावण्यांत काढली.

हे असे का झाले, यावर गेली ऐंशीहून अधिक वर्षे वाद चालू आहे. या माणसांचा जाणूनबुजून बळी दिला गेला का? की फ्रेंच सेनापतींच्या संथपणामुळे ती अडकली? की धुक्याने घात केला? या तिन्ही उत्तरांमागे गंभीर अभ्यासक उभे आहेत. वाद आज कुठवर आला आहे आणि कुठे अडून आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

सोमच्या दक्षिणेला

डंकर्कच्या कहाणीतून असा समज होतो की ब्रिटिशांचे फ्रान्समधले सगळे सैन्य त्या वाळूवर गोळा झाले होते. तसे नव्हते. २० मे रोजी जर्मन रणगाडे ॲबव्हिलजवळ समुद्राला भिडले आणि दोस्तांच्या फौजा दोन भागांत तुटल्या. उत्तरेकडचा भाग डंकर्ककडे ढकलला गेला. दक्षिणेकडे, सोमच्या पलीकडे, १ लाख ४० हजारांच्या आसपास ब्रिटिश सैनिक उरले. त्यांतले बरेचसे रसद, दारूगोळा, रेल्वे, इस्पितळे आणि गोदामे सांभाळणारे होते. लढाऊ तुकड्या मोजक्याच होत्या: पहिली चिलखती डिव्हिजन, मिळेल त्या माणसांतून घाईने उभी केलेली ब्युमन डिव्हिजन आणि ५१वी हायलंड.

ही शेवटची डिव्हिजन दक्षिणेत कशी उरली, याचे कारण अगदी साधे आहे आणि वादात ते अनेकदा विसरले जाते. १९३९च्या हिवाळ्यापासून ब्रिटिश तुकड्यांना लढाईची सवय व्हावी म्हणून एकेक ब्रिगेड आळीपाळीने मॅजिनो तटबंदीसमोर, सार प्रांताच्या सीमेवर पाठवली जाई. एप्रिल १९४०च्या अखेरीस पहिल्यांदाच एक अख्खी डिव्हिजन पाठवायचे ठरले आणि ती पाळी ५१व्या हायलंडची निघाली. १० मे रोजी जर्मन आक्रमण सुरू झाले तेव्हा ती मुख्य ब्रिटिश सैन्यापासून शेकडो किलोमीटर दूर, फ्रेंच सेनापतींच्या हुकमाखाली होती. मेच्या अखेरीस तिला वळसा घालून सोमच्या आघाडीवर आणले गेले. तिचे सेनापती होते मेजर जनरल व्हिक्टर फॉर्च्यून. वरिष्ठ होते फ्रेंच ९व्या कोअरचे जनरल मार्सेल इलेर आणि त्यांच्यावर १०व्या आर्मीचे जनरल आल्टमायर.

ही टेरिटोरियल डिव्हिजन होती, म्हणजे शांततेच्या काळात आपापल्या गावी नोकरीधंदा करणाऱ्या, ठरलेल्या दिवशी कवायतीला जमणाऱ्या माणसांची. सीफोर्थ, कॅमेरन, गॉर्डन, ब्लॅक वॉच, आर्गाइल या पलटणी एकेका जिल्ह्यातून, एकेका बेटावरून भरलेल्या. भाऊ, चुलतभाऊ, एका शाळेत शिकलेली मुले एकाच कंपनीत. हा वाद स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात इतका खोल का रुतला, ते यावरून कळते. एका दिवसात अख्ख्या खोऱ्यातले तरुण कैदेत गेले आणि आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला अनेक घरांना कित्येक आठवडे वाट पाहावी लागली.

आठ दिवस

४ जूनचा हल्ला ॲबव्हिलच्या पुलाजवळ जर्मनांनी धरून ठेवलेल्या ठाण्यावर होता. काही दिवसांपूर्वी द गॉल यांच्या चिलखती डिव्हिजननेही तिथेच टक्कर दिली होती, पण ते ठाणे पूर्ण उखडले गेले नव्हते. आता फॉर्च्यून यांच्या हाताखाली फ्रेंच रणगाडे आणि फ्रेंच पायदळही दिले गेले. तोफखान्याचा मारा नेमका कुठे करायचा याची पुरेशी टेहळणी झालेली नव्हती, आणि पायदळाची व रणगाड्यांची सांगड बसली नाही. एका दिवसात डिव्हिजनच्या १५२व्या ब्रिगेडचे पाचशेहून अधिक जवान मेले किंवा जखमी झाले.

दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, फ्रान्सवरील जर्मन आक्रमणाचा दुसरा टप्पा सुरू झाला. एका डिव्हिजनच्या वाट्याला नेहमी येते त्याच्या कितीतरी पट लांबीची आघाडी ५१व्याकडे होती. गावागावांत एकेक कंपनी आणि मधली शेते मोकळी. जर्मन त्या मोकळ्या जागांतून आत शिरले. फ्रांल्यू या खेड्यात ७व्या आर्गाइल पलटणीला वेढा पडला आणि संध्याकाळपर्यंत ती पलटण जवळजवळ संपली. डिव्हिजन ब्रेल नदीकाठी मागे आली आणि तिथे दोन दिवस तिने ओळ धरून ठेवली.

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. ५१व्याकडे मोटारगाड्या होत्या. ठरवले असते तर ती एका रात्रीत बरेच अंतर कापू शकली असती. तिच्या बाजूच्या फ्रेंच तुकड्यांच्या तोफा आणि सामान मात्र घोड्यांवर होते आणि पायदळ पायी चालत होते. इलेर यांनी माघारीचा वेग त्या पायी चालणाऱ्यांच्या चालीवर बांधला: चार दिवसांत, टप्प्याटप्प्याने, रूआंच्या दिशेने. इकडे एर्विन रोमेल यांची ७वी पान्झर डिव्हिजन सोमवरचे शाबूत राहिलेले रेल्वेपूल ओलांडून दक्षिणेला सुसाट निघाली होती. ९ जूनला रूआं पडले आणि सेन नदीकडे जायची वाट बंद झाली. फॉर्च्यून यांनी त्या रात्री हाव्र बंदराकडे वळायचे ठरवले. वाट मोकळी ठेवण्यासाठी त्यांनी डिव्हिजनचा एक मोठा भाग ब्रिगेडिअर स्टॅनली-क्लार्क यांच्या हाताखाली पुढे धाडला. आर्क-ला-बातायमध्ये जमलेल्या या तुकडीला ‘आर्क फोर्स’ असे नाव पडले. ती वेळेत निसटली. १० जूनला रोमेल लेस पतीत दाल येथे समुद्रावर पोचले आणि मागे राहिलेल्यांचा हाव्रचा रस्ताही तुटला.

उरले होते सेंट व्हॅलरी. उंच पांढऱ्या कड्यांच्या फटीत वसलेले, अरुंद तोंडाचे बंदर. पोर्ट्समथचे नौदल प्रमुख ॲडमिरल विल्यम जेम्स यांना धोका आधीच जाणवला होता. त्यांनी ६७ व्यापारी जहाजे आणि १४० लहान होड्या जमवल्या. त्यांतल्या फक्त १६ जहाजांवर बिनतारी यंत्रणा होती. ११ जूनला रोमेल यांच्या तोफा पश्चिमेच्या कड्यावर चढल्या आणि बंदर त्यांच्या माऱ्यात आले. गाव पेटले. त्या रात्री दाट धुके उतरले. जहाजांना एकमेकांचा पत्ता लागेना, किनारा दिसेना. रात्रभर सैनिक धक्क्यावर, गल्लीबोळांत वाट पाहत उभे राहिले. काहीजण काही मैलांवरच्या व्ह्यूल-ले-रोझ गावी पोचले आणि रायफलींचे पट्टे एकमेकांना बांधून त्यांच्या दोराने कडे उतरू लागले. पट्टे तुटून कित्येकजण खाली कोसळून मेले. तिथून ३,३२१ जण जहाजांवर चढू शकले, त्यांत अकराशेहून अधिक फ्रेंच होते. हाव्रहून ११,०५९ ब्रिटिश सैनिक बाहेर निघाले.

१२ जूनच्या सकाळी चर्चच्या मनोऱ्यावर पांढरे निशाण दिसले. फॉर्च्यून यांनी ते उतरवायला लावले. पण इलेर यांनी शरणागती पत्करली होती, दारूगोळा संपत आला होता आणि किनाऱ्याची उंच जागा जर्मनांच्या हाती होती. दहाच्या सुमारास फॉर्च्यून यांनी लढाई थांबवली. रोमेल आणि फॉर्च्यून शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र जगभर गेले.

‘बळी दिला’ असे म्हणणारे

बळीची भावना आधी घराघरांत होती, पुस्तकांत ती बऱ्याच उशिरा आली. १९४२ साली एरिक लिंकलेटर यांनी सरकारसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत शौर्यावर भर आहे. युद्ध चालू असताना दुसरे काही लिहिणे शक्यही नव्हते. १९६५मध्ये अर्नेस्ट रिओक यांचे ‘द सेंट व्हॅलरी स्टोरी’ आले आणि त्यातून सैनिकांच्या आठवणी बाहेर आल्या. १९७९मध्ये बेझिल कार्सलेक यांनी दक्षिणेतल्या सैन्याच्या कारभारावर सडकून टीका केली. त्यांचे वडील जनरल हेन्री कार्सलेक त्या वेळी फ्रान्समधल्या रसदमार्गावरच्या फौजांचे प्रमुख होते आणि ५१वी लवकर मागे घ्यावी असे त्यांचे म्हणणे होते. हे पुस्तक मुलाने लिहिले आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते. पण त्यातली माहिती त्यामुळे खोटी ठरत नाही.

या बाजूची सर्वांत ठाम मांडणी सॉल डेव्हिड यांची. १९९४मधल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘चर्चिल्स सॅक्रिफाइस’ हे शब्द आहेत. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: डंकर्कनंतर ब्रिटिश आपल्याला सोडून पळाले, अशी फ्रेंचांची भावना होती. पंतप्रधान रेनो आणि सरसेनापती वेगां आणखी डिव्हिजन, आणखी लढाऊ विमाने मागत होते. विमाने देणे चर्चिल यांना परवडणारे नव्हते, नव्या डिव्हिजन तयार नव्हत्या. मग जी डिव्हिजन फ्रान्समध्ये होती, ती तिथेच आणि फ्रेंच हुकमाखालीच ठेवणे हा मैत्रीचा एकमेव दृश्य पुरावा उरला. ती धोक्यात असल्याचे सैनिकी सल्लागारांना दिसत असतानाही राजकीय कारणासाठी तिला मोकळे केले गेले नाही.

या मांडणीला सर्वांत बळकट आधार देतो १० जूनचा पत्रव्यवहार. लंडनच्या युद्धखात्याने फॉर्च्यून यांना कळवले की कोअर कमांडरच्या हुकमांशी तंतोतंत जुळवूनच त्यांनी हालचाल करावी. फॉर्च्यून यांचे उत्तर चिरडीला आलेल्या सेनापतीचे आहे: कोअर कमांडरच सेन नदीपर्यंत पोचू शकत नाहीत, तेही माझ्यासारखेच अडकले आहेत. लंडनला जागेवरची स्थिती किती कमी कळली होती, हे या दोन संदेशांतून उघड होते.

दुसरी बाजू

अधिकृत इतिहास लिहिला एल. एफ. एलिस यांनी, १९५३ साली. त्यांच्या मते दोष मुख्यतः दोन गोष्टींचा: माघारीचा संथ वेग आणि धुके. जहाजे तयार होती आणि आली होती. ज्यांचा बळी द्यायचा आहे, त्यांना आणायला कोणी दोनशे जहाजे जमवत नाही. स्वतः चर्चिल यांनी १९४९मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या दुसऱ्या खंडात राग व्यक्त केला तो फ्रेंचांवर, कारण त्यांनी या डिव्हिजनला वेळेत रूआंकडे जाऊ दिले नाही. चर्चिल इथे स्वतःच्याच निर्णयांविषयी लिहीत होते, त्यामुळे हा पुरावा सावधपणे घ्यायला हवा. पण एलिस यांनी दिलेल्या वेळापत्रकाला कोणी मुळातून आव्हान दिलेले नाही.

बळीच्या मांडणीविरुद्धचा अधिक खोल आक्षेप वेगळा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्स हरला आहे, हे कोणाला निश्चित ठाऊक होते? सोमच्या आघाडीवर फ्रेंच सैन्य पूर्वीपेक्षा जास्त जिद्दीने लढत होते, हे जर्मनही मान्य करतात. अशा वेळी मित्राच्या शेवटच्या मोठ्या लढाईतून आपली एकुलती पायदळ डिव्हिजन काढून घेणे म्हणजे त्याची बाजू उघडी टाकणे. शिवाय ब्रिटनने त्याच सुमारास ५२वी लोलंड डिव्हिजन आणि पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनचा काही भाग फ्रान्सला पाठवला. फक्त दाखवण्यापुरती एक डिव्हिजन गमवायची असती, तर आणखी माणसे त्याच सापळ्यात कशाला पाठवली असती? सेंट व्हॅलरी वेढले जात होते त्याच ११ जूनला चर्चिल ब्रिआर येथे फ्रेंच सरकारशी बोलत होते आणि लढत राहा म्हणून विनवत होते. १४ जूनला फ्रान्समधल्या ब्रिटिश सैन्याचे सेनापती जनरल ॲलन ब्रूक यांनी फोनवर त्यांच्याशी बराच वेळ वाद घालून उरलेले सैन्य मागे घ्यायला लावले. तेव्हाही चर्चिल सहजासहजी तयार नव्हते. यातून दिसते ते एका पंतप्रधानाचे फ्रान्सवरचे आग्रही, कदाचित आंधळे प्रेम. थंड डोक्याने मांडलेला हिशोब दिसत नाही.

फ्रेंच बाजू आणि तिचा विसर

इंग्रजीतल्या या सगळ्या वादात एक मोठी उणीव आहे. सेंट व्हॅलरीत रोमेल यांच्या हाती लागलेल्या कैद्यांत फ्रेंचांची संख्या ब्रिटिशांच्या कितीतरी पट होती. त्यांचेही सेनापती होते, त्यांच्याही पलटणी लढल्या. दुसऱ्या फ्रेंच घोडदळ डिव्हिजनचे स्मारक सेंट व्हॅलरीच्या एका कड्यावर आहे, समोरच्या कड्यावर ५१व्याचे ग्रॅनाइटचे स्मारक आहे. बंदराच्या तोंडाशी ही दोन स्मारके समोरासमोर उभी आहेत. पुस्तकांत मात्र तसे नाही. इंग्रजी पुस्तकांत इलेर हे एक हटवादी नाव बनून राहतात.

त्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्यापुढचा पेच खरा होता. मोटारीवाल्या ब्रिटिशांना पुढे सोडून द्यावे, तर पायी चालणारे हजारो फ्रेंच सैनिक उघड्यावर पडतात. सगळ्यांना बरोबर न्यावे, तर सगळेच अडकतात. फॉर्च्यून यांनीही मित्रांना सोडून निघायला नकार दिला. आपण आधी निघणार नाही, ही त्यांची भूमिका कागदोपत्री स्पष्ट आहे. कुणाच्या मते ही सचोटी, कुणाच्या मते सेनापतीची चूक. मला ती सचोटीच वाटते, पण तिची किंमत त्यांच्या जवानांनी मोजली हेही तितकेच खरे.

डंकर्कविषयीही हेच म्हणता येते. ४ जूनला बंदराभोवती ३५ ते ४० हजार फ्रेंच सैनिक मागे राहिले. शेवटच्या दिवसांत घेऱ्याची ओळ मुख्यतः त्यांनीच धरली. १२व्या डिव्हिजनचे जनरल जान्सेन २ जूनला तिथेच मारले गेले. लील शहरात जनरल मोलिनिए यांच्या हाताखालच्या फ्रेंच तुकड्यांनी मेच्या शेवटच्या दिवसांत जर्मनांच्या अनेक डिव्हिजन अडकवून ठेवल्या. शरण येताना त्यांना जर्मनांनी सन्मानाने शस्त्रांसह कूच करू दिले. डंकर्कच्या यशात या माणसांचा वाटा किती, याचे मोजमाप ब्रिटिश लेखनात अजूनही तोकडे आहे. ह्यू सेबॅग-मॉन्टेफिओरी यांच्या २००६च्या पुस्तकाने काही प्रमाणात ती भरपाई केली, पण त्याचाही भर ब्रिटिश पलटणींवरच आहे.

कॅले: जवळचे उदाहरण

‘बळी’ हा शब्द सेंट व्हॅलरीपेक्षा कॅलेला अधिक लागू पडतो, आणि तरीही तिथला वाद कमी कडवट आहे. ब्रिगेडिअर क्लॉड निकल्सन यांच्या ३०व्या ब्रिगेडला शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम होता. त्यांना परत आणले जाणार नाही, हे लंडनने स्पष्ट ठरवले आणि कळवले. २६ मेला कॅले पडले. निकल्सन १९४३मध्ये कैदेतच वारले. या बळीमुळे डंकर्क वाचले, असे चर्चिल यांनी लिहिले. जर्मन रणगाडा सेनापती हाइन्झ गुडेरियान यांनी आपल्या आठवणींत ते नाकारले: जवान शौर्याने लढले, पण डंकर्कच्या घडामोडींवर त्याचा परिणाम झाला नाही. कॅलेतच कैद झालेले आणि पुढे कोल्डिट्झहून पळून आलेले एअरी नीव्ह यांनी १९७२मध्ये ‘द फ्लेम्स ऑफ कॅले’ लिहून चर्चिल यांची बाजू घेतली. जर्मन तुकड्यांच्या हालचालींचे दोन अर्थ लावता येतात आणि आजही लावले जातात.

कॅलेत हुकूम स्पष्ट होता, म्हणून राग कमी. सेंट व्हॅलरीत कोणी कधीच स्पष्ट बोलले नाही. तिथल्या रागाचे मूळ मला यातच दिसते.

मागे उरलेले म्हणजे कोण?

गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचा परीघ वाढला आहे, आणि ही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची घडामोड. शॉन लाँगडेन यांच्या २००८मधल्या पुस्तकाने लक्ष एका डिव्हिजनवरून त्या उन्हाळ्यात कैद झालेल्या सुमारे ४० हजार ब्रिटिश सैनिकांकडे वळवले. त्यांत पूल राखत मागे थांबलेल्या पलटणी होत्या. ल पॅरदी येथे २७ मेला शरण आल्यावर एसएसच्या तुकडीने भिंतीशी उभे करून मारलेले ९७ जण होते. आणि जखमींसोबत थांबलेले डॉक्टर होते. डंकर्कच्या शेवटच्या दिवसांत, दर शंभर जखमींमागे एक अधिकारी आणि दहा शुश्रूषक मागे राहतील, असा हुकूम निघाला. कोण राहणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले. लढाई न करता युद्धात मागे राहण्याचा हा प्रकार आढाव्यांत क्वचितच येतो.

५१व्या डिव्हिजनच्या चित्रातही एक दुरुस्ती आवश्यक आहे. तिला जोडलेल्या सगळ्याच पलटणी स्कॉटिश नव्हत्या. नॉरफोक, नॉर्थम्बरलंड, लंडनच्या केन्सिंग्टनचे जवानही त्या बंदरात होते. स्मृती स्कॉटलंडने जपली, म्हणून ते झाकोळले गेले.

भारतीय वाचकाला यात जवळची वाटेल ती हकिगत खेचरांच्या तुकड्यांची. डिसेंबर १९३९मध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार कंपन्या मार्सेय बंदरात उतरल्या. जवान बहुतांश पंजाबी मुसलमान. चिखलात, बर्फात मोटारी अडतात तिथे खेचरे चालतात, म्हणून त्यांना बोलावले होते. पुढे तीन कंपन्या इंग्लंडला पोचल्या, खेचरे मागे ठेवून. चौथी, २२वी कंपनी, जर्मनांच्या हाती लागली. २०१७मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘डंकर्क’ चित्रपट आला तेव्हा त्यात भारतीय का नाहीत, यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. ती योग्यच होती, पण तिचा सगळा रोख किनाऱ्यावर पोचलेल्यांवर राहिला. कैदेत गेलेल्यांची हकिगत २०२०मध्ये घी बोमन यांच्या ‘द इंडियन कंटिंजंट’ या पुस्तकातून पहिल्यांदा सविस्तर पुढे आली. फ्रेंच सैन्यातल्या आफ्रिकी जवानांची कथा याहून काळी. जून १९४०मध्ये त्यांपैकी शेकडो जणांना शरणागतीनंतर केवळ वर्णामुळे मारले गेले, लिऑंजवळ शासले येथे तर ठरवून.

कैदेतली पाच वर्षे

लढाईवर जितके लिहिले गेले, तितके कैदेवर नाही. उन्हाळ्याच्या तळपत्या रस्त्यांवरून पायी बेल्जियमकडे, मग ऱ्हाइनवर मालवाहू बोटींत, मग रेल्वेच्या बंद डब्यांत आजच्या पोलंडमधल्या तोरुन आणि मारिएनबुर्गच्या छावण्यांकडे. पुढे शेतांत, खाणींत, दगडखाणींत मजुरी. बाव्हेरियातल्या लाउफेन छावणीत कैदी अधिकाऱ्यांनी ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’ हा समूहनृत्याचा प्रकार बसवला, तो आजही स्कॉटलंडमध्ये नाचाच्या कार्यक्रमांत केला जातो. फॉर्च्यून यांना कैदेत पक्षाघाताचा झटका आला. आजाऱ्यांच्या अदलाबदलीत घरी जाण्याची संधी त्यांनी नाकारली आणि आपल्या जवानांसोबत राहिले.

या काळाचे सर्वांत थेट साहित्य इंग्रजीत नसून गेलिकमध्ये आहे. साउथ यूइस्ट बेटावरचे डॉनल्ड जॉन मॅक्डॉनल्ड कॅमेरन पलटणीतून सेंट व्हॅलरीत कैद झाले. परतल्यावर १९४८मध्ये गेलिक काव्याचा सर्वोच्च मुकुट त्यांना मिळाला आणि १९७४मध्ये कैदेच्या आठवणींचे ‘फो स्गाल अ स्वास्तिका’ हे त्यांचे पुस्तक आले. बिल इनिस यांनी २००४मध्ये अशा आठवणी इंग्रजीत एकत्र आणल्या. लष्करी इतिहासकार या पुस्तकांकडे पुरवणी म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. निर्णय कोणी घेतला हे नकाशे आणि तारांवरून कळते, पण आपल्याला सोडून दिले गेले ही भावना कधी आणि कशी तयार झाली, हे फक्त इथे कळते. आणि ती भावना बऱ्याच जणांत १२ जूनला नव्हती. ती छावणीत, डंकर्कच्या जयजयकाराच्या बातम्या पोचल्यावर आली.

काय सुटले, काय नाही

‘बळी दिला का’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत, असे माझे मत झाले आहे. डिव्हिजन दक्षिणेत का होती? योगायोगाने. यावर आज मतभेद नाहीत. शेवटच्या रात्री तिला का उचलता आले नाही? तोफा, धुके आणि बिनतारी यंत्रांचा अभाव. हेही बहुतेकांना मान्य आहे. खरा वाद उरतो ६ ते ८ जून या तीन दिवसांचा. तेव्हा रूआंची वाट उघडी होती आणि डिव्हिजनकडे गाड्या होत्या. त्या दिवसांत तिला फ्रेंच हुकमातून मोकळे न करणे हा निर्णय होता की निर्णय न घेणे होते? डेव्हिड पहिले म्हणतात, एलिस यांचा कल दुसऱ्याकडे आहे. कागदपत्रे पाहता मला लंडनमध्ये ठाम धोरण दिसत नाही. दिसते ते एवढेच, की मित्राला दुखवायचे नाही म्हणून कोणीही वेळेत प्रश्नच विचारला नाही. जाणूनबुजून दिलेल्या बळीपेक्षा हा दोष लहान आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

फॉर्च्यून यांच्या बाबतीतही मोकळा प्रश्न आहे. वरिष्ठाचा हुकूम मोडून त्यांनी ७ किंवा ८ जूनला हाव्र गाठायला हवे होते का? १९४५मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, १९४९मध्ये ते वारले आणि त्यांनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांची बाजू इतरांच्या तोंडूनच ऐकावी लागते.

डिव्हिजनचे नाव पुढे चालू ठेवले गेले. ऑगस्ट १९४०मध्ये ९व्या हायलंडचे नाव बदलून नवी ५१वी उभी राहिली. ती अल अलामीन, सिसिली, नॉर्मंडीत लढली आणि २ सप्टेंबर १९४४ला सेंट व्हॅलरीत शिरली. मॉन्टगमरी यांनी मुद्दाम तो मार्ग तिला दिला होता. तिचे तेव्हाचे सेनापती टॉम रेनी स्वतः चार वर्षांपूर्वी तिथेच कैद होऊन निसटले होते. लष्कराच्या दृष्टीने इथे हिशोब पूर्ण झाला. पण त्या दिवशी १९४०चे हजारो जवान अजून पोलंडच्या छावण्यांतच होते आणि त्यांना आणखी एक हिवाळा, जानेवारी १९४५मध्ये छावण्या हलवताना जर्मनांनी करायला लावलेली बर्फातली सक्तीची पायपीट, पार करायची होती. तिथे किती मेले, कोणत्या पलटणीचे, कोणत्या रस्त्यावर, याचा एकत्र आणि विश्वासार्ह अभ्यास व्हायला हवा. तो होईल तेव्हाच ५१व्याच्या नुकसानीचा खरा आकडा १२ जूनच्या पुढे मोजता येईल.